राजगड ते तोरणा: तीन यंत्रांचे तीन आकडे, मग खरं अंतर कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघे मित्र गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगडावर चढले, संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडले, धारेधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर पोचले आणि वेल्ह्यात उतरले. वाट एक, वेळ एक. घरी येऊन पाहतात तर हातातल्या जीपीएस यंत्राने १८.७ किलोमीटर दाखवले, मनगटावरच्या घड्याळाने २०.१ आणि फोनमधल्या ॲपने २२.४. यातलं खरं कोणतं? आणि पडद्यावर ‘अचूकता ३ मीटर’ असं लिहिणारं यंत्र जवळजवळ चार किलोमीटरांचा फरक कसा पडू देतं? जाता जाता एक जोडप्रश्नही आहे: याच यंत्राने गावाकडची वीस गुंठे जमीन मोजता येईल का?

मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची बरीच वर्षं सर्वेक्षणात गेली आणि सुट्टीचे दिवस सह्याद्रीत. वाटांचे ट्रॅक (चालताना यंत्राने नोंदलेल्या रेघा) गोळा करणं, ते साफ करणं आणि नव्या मंडळींना देणं हे काम मी वीसेक वर्षं करते आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत दर पावसाळ्यात येतो. आधी उत्तर सांगते, मग कारणं. तिन्ही आकडे चुकलेले आहेत आणि तिघांच्या चुकांची कारणं वेगळी आहेत. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून (यंत्र पिशवीच्या कप्प्यात, फोनवर दर सेकंदाला नोंद, धारेवर तासभर जेवण आणि तेव्हाही रेकॉर्डिंग चालू) माझा अंदाज साडेएकोणीस ते वीस किलोमीटरांचा आहे. घड्याळ सगळ्यांत जवळ आहे, पण ते जास्त चांगलं आहे म्हणून नव्हे. त्याच्या दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या असाव्यात.

एक गोष्ट मनात पक्की करा: जीपीएस यंत्र अंतर मोजतच नाही. ते ठरावीक वेळाने ‘मी इथे आहे’ असा एक ठिपका टाकतं आणि लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधल्या सरळ रेषांची बेरीज करतं. सर्वेक्षणातली साखळी किंवा चाक जमिनीला लागून फिरतं. इथे जमिनीशी संबंधच नाही. त्यामुळे अंतर चुकण्याचे मार्गही दोनच उरतात. ठिपके थरथरले तर बेरीज वाढते, ठिपके विरळ पडले तर बेरीज कमी होते. बाकी सगळं या दोनांचा तपशील आहे.

थरथर येते कुठून? उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि यंत्र त्यांच्या संदेशाला लागलेला वेळ मोजतं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेळ मोजण्यातली बारीकशी चूकही जमिनीवर मीटरांत दिसते. वातावरणाचे थर संदेशाला उशीर करतात, कडे आणि झाडं तो परतवतात किंवा अडवतात. आता परिस्थिती पुष्कळ चांगली आहे. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम खोट मिसळत असे आणि शंभर मीटरपर्यंतची चूक नेहमीची होती. ती खोट बंद झाली म्हणून तर हातातली यंत्रं ट्रेकरच्या कामाची झाली. आज उघड्या आकाशाखाली साध्या फोनचा वेध, म्हणजे त्याने सांगितलेली जागा, साधारण ४.९ मीटर त्रिज्येत असतो असं अमेरिकी सरकारच सांगतं.

आता इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘प्रत्येक ठिपका पाच मीटरने चुकत असेल, तर मीटरभर अंतरावरचे ठिपके जोडून काय उपयोग?’ असं वाटतं. सुदैवाने चुका इतक्या विस्कळीत नसतात. या सेकंदाला यंत्र चार मीटर ईशान्येला चुकत असेल तर पुढच्या सेकंदालाही साधारण तितकंच, त्याच दिशेला चुकतं, कारण उपग्रह तेच, वातावरण तेच. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून वाट गिरवली आणि कागद थोडा सरकला तर वाटेची जागा चुकते, लांबी नाही. तसंच हे. म्हणून पडद्यावरची ‘३ मीटर’ ही जागेबद्दलची, आणि तीही यंत्राने स्वतःच केलेल्या अंदाजाची, गोष्ट आहे. तिच्यावरून अंतराबद्दल काहीच कळत नाही. अंतरासाठी महत्त्वाचं ते एवढंच की एका ठिपक्याची चूक पुढच्या ठिपक्याच्या चुकीपेक्षा किती वेगळी आहे.

हा फरक लहान असला तरी शून्य नसतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला ओढतो. हिशेब शाळेतल्या पायथागोरसचा आहे. तुम्ही ताशी ४ किलोमीटर चालता, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. फोन दर सेकंदाला ठिपका टाकतो आणि प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा फक्त अर्धा मीटर आडवा सरकतो असं धरा. १.१ मीटरच्या जागी कर्ण १.२१ मीटर भरतो. दहा टक्के वाढ! वीस किलोमीटरांवर दोन किलोमीटर, निव्वळ थरथरीचे. आता ठिपके दर १० सेकंदांनी टाका. दोन ठिपक्यांत ११ मीटर. तेवढ्या वेळात चूक जास्त सरकेल, म्हणून दीड मीटर धरू. कर्ण येतो ११.१ मीटर. वाढ एक टक्क्याहून कमी. थरथर डावीकडे असो वा उजवीकडे, कर्ण लांबच होतो, त्यामुळे ‘चुका सरासरीत निघून जातील’ हे जागेबाबत थोडंफार खरं असलं तरी अंतराबाबत खरं नाही. ऑस्ट्रियातले संशोधक पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हेच गणिताने सिद्ध केलं: ठिपके दाट असतील, तर जीपीएसने मोजलेलं अंतर सरासरीने खऱ्याहून जास्तच येतं. तुमच्या फोनचे २२.४ बहुतांशी इथून आले.

मग ठिपके विरळच टाकावेत? तेवढ्याने भागत नाही, कारण दुसरी चूक वाट बघत बसलेली असते. सह्याद्रीतली चढणीची वाट नागमोडी असते. पंधरा मीटर डावीकडे, वळण, पंधरा मीटर उजवीकडे. यंत्राने पहिला ठिपका सुरुवातीला आणि दुसरा थेट शेवटी टाकला, तर तुम्ही चाललेले तीस मीटर हिशेबात पाच-सात मीटर उरतात. काटकोनात दहा-दहा मीटर चाललात आणि मधला कोपरा नोंदला गेला नाही, तर वीसचे चौदा होतात.

मोजपट्टी जितकी मोठी तितकी वाकडी रेघ आखूड, हे तत्त्व आपल्या देशाच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी नुकतंच पाहिलं. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर म्हणून पाठ केली. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर झाला आहे. जमीन वाढली नाही. आधीची मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर होती, नवी १:२,५०,००० प्रमाणावर झाली, आणि आधी सरळ रेषेत गिळल्या गेलेल्या खाड्या, वळणं, बेटं मोजणीत आली. गडाची वाट म्हणजे लहानसा कोकण किनाराच. तिचं ‘खरं’ अंतर विचारताना कोणत्या पट्टीने हेही विचारावं लागतं. चालणाऱ्या माणसासाठी मी ती पट्टी पाच ते दहा मीटरांची धरते. त्याहून बारीक वळणं म्हणजे दगड चुकवणं, आणि ते कोणी वाटेच्या लांबीत मोजत नाही.

ही दुसरी चूक मी एकदा फार जवळून अनुभवली आहे, म्हणून तिच्यावर थोडं रेंगाळते. बऱ्याच वर्षांपूर्वी भीमाशंकरच्या बाजूच्या एका जंगलवाटेला आम्ही नऊ जण गेलो होतो. कोणीतरी दिलेला ट्रॅक होता, लांबी नऊ किलोमीटर. मी नऊ हा आकडा घेतला, वेळ काढली, माणशी दोन लिटर पाणी सांगितलं. ट्रॅक उघडून ठिपके किती दाट आहेत हे पाहिलं नाही. ते दोन-दोनशे मीटरांवर होते. बहुधा संगणकावर हाताने टाकलेले. प्रत्यक्षात वाट बाराच्या पुढे गेली. दुपारी तीनला पाणी संपलं, दोघांना पेटके आले आणि शेवटचा उतार काळोखात उतरावा लागला. खालच्या वाडीतले एक मामा आमचे आवाज ऐकून बॅटरी आणि पाण्याची कळशी घेऊन वर आले. मी त्यांना किलोमीटर सांगायला लागले तेव्हा ते म्हणाले, “ताई, ही वाट दिवस कासराभर वर यायच्या आत धरायची असते.” त्यांच्या त्या एका वाक्यात चढ, ऊन, पाणी आणि वळणं सगळं बसलं होतं, माझ्या नऊमध्ये यातलं काहीच नव्हतं. तेव्हापासून कोणाचाही ट्रॅक हातात आला की मी आधी ठिपक्यांमधलं अंतर बघते. एकूण लांबीला एकूण ठिपक्यांनी भागलं की झालं. उत्तर वीस मीटरांच्या वर गेलं तर आकड्यावर विश्वास ठेवत नाही. नागमोडी चढासाठी त्यात वीस टक्के घालते.

तुमच्या हातातल्या यंत्राचे १८.७ मात्र फक्त विरळ ठिपक्यांमुळे कमी आले असं मला वाटत नाही. तिथे आणखी एक कारण असतं, आणि ते ओळखायला सोपं आहे. ट्रिप कॉम्प्युटरच्या पानावर चालण्याचा वेळ आणि थांबलेला वेळ वेगळे दिलेले असतात. बऱ्याच यंत्रांचा ओडोमीटर (चालता चालता अंतर जोडत जाणारा गणक) ठरावीक वेगाखाली ‘माणूस उभा आहे’ असं समजतो आणि अंतर जोडणं बंद करतो. उभ्या माणसाची थरथर मोजली जाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. पण चोर दरवाजाखालचा चढ चढताना आपला वेग ताशी दीड किलोमीटर, कधी एकही नसतो. यंत्राला आपण थांबलेलो वाटतो. तुमचा थांबलेला वेळ बघा. तुम्ही प्रत्यक्षात एकूण दोन तास थांबला असाल आणि यंत्र साडेतीन तास म्हणत असेल, तर मधल्या दीड तासाची चाल हिशेबातून गळाली आहे. म्हणूनच एकाच यंत्रात ओडोमीटरचा आकडा एक आणि जतन केलेल्या ट्रॅकची लांबी दुसरी असं दिसतं. दोन्हींत तफावत असेल तर मी ट्रॅकची लांबी घेते, कारण ती पुन्हा तपासता येते.

उलट फोनचं. जेवायला बसलात तेव्हा तो चालूच होता. त्या जागेचा ट्रॅक मोठा करून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता दिसेल. तासाभराच्या बैठकीत शे-दोनशे मीटर सहज जमा होतात, कड्याला टेकून बसलात तर त्याहून जास्त. जेवताना रेकॉर्डिंग थांबवा, पण उठताना पुन्हा सुरू करायला विसरू नका. ते विसरल्यामुळे अर्धी धार हरवलेले ट्रॅक मी जाळ्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. विसराळू माणसाने चालू ठेवलेलं बरं. जाळं घरी बसून पुसता येतं, न नोंदलेली वाट परत आणता येत नाही.

फोनची आणखी एक खोड. बॅटरी वाचवण्याच्या नादात तो पडद्यामागे चालणारं ॲप झोपवतो. मग ट्रॅकमध्ये मधेच एक लांबलचक सरळ रेघ दिसते, दरीवरून उडत गेल्यासारखी. ट्रेकला निघण्यापूर्वी त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा.

यंत्र कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. आपलं शरीर बहुतांशी पाण्याचं, आणि उपग्रहाचा क्षीण संदेश ते शोषून घेतं. पँटच्या खिशातलं यंत्र अर्ध्या आकाशाला मुकतं. पिशवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला किंवा वरच्या टोपणात ठेवा. गार्मिन ईट्रेक्ससारख्या लहान यंत्रांचा अँटेना सपाट असतो, त्यांचं तोंड आकाशाकडे हवं. जीपीएसमॅप ६४ सारख्यांच्या डोक्यावरचा जाड अँटेना उभा धरलेला चांगला. पावसाळ्यातलं ओलं गच्च रान, घळी, आणि दोन्ही बाजूंना उभे कडे असलेली सांधण दरीसारखी जागा इथे कोणतंही यंत्र गडबडतं. आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, तिच्यातले उपग्रह जवळजवळ एका रांगेत असतात आणि बाकीचे संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतात. दोन वारंवारतांवर ऐकणारी नवी यंत्रं इथे खरोखर उजवी ठरतात. जुना एल-१ संदेश १,५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो, नवा एल-५ हा १,१७६.४५ वर. एल-५ च्या संदेशातल्या सांकेतिक खुणा दहापट जलद येत असल्यामुळे सरळ आलेला आणि कड्यावरून परतलेला संदेश वेगळा ओळखणं यंत्राला सोपं जातं. नवं यंत्र घेणार असाल तर माझ्या मते पैसे इथे घालावेत, रंगीत नकाशावर नाही.

चालू केल्याबरोबर चालायला लागू नका हेही सांगून ठेवते. उपग्रहाचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट एवढ्या धीम्या गतीने येतो. एका उपग्रहाच्या कक्षेची बारीक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, आणि साऱ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइलची रेंज असेल तर फोन ही माहिती इंटरनेटवरून घेतो, हातातल्या यंत्राला बहुधा आकाशाचीच वाट पाहावी लागते. गुंजवण्यात चहा होईपर्यंत यंत्र उघड्यावर ठेवा.

आता चढाचा प्रश्न, जो मला सगळ्यांत जास्त विचारला जातो: ‘यंत्र आडवं अंतर मोजतं, आपण तिरकं चालतो, मग फरक तिथलाच असणार.’ नाही. पुष्कळ यंत्रं आडवं अंतरच जोडतात हे खरं, पण फरक वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो. सिंहगडाची आतकरवाडीची वाट घ्या. अडीच-पावणेतीन किलोमीटर आणि चढ साधारण सहाशे मीटर. २.७ आणि ०.६ चा कर्ण काढला तर २.७७ येतो, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. दम लागतो म्हणून अंतर जास्त वाटतं. दहा मीटरांत तीन मीटर चढणाऱ्या खड्या वाटेवरही वाढ साडेचार टक्क्यांच्या आतच राहते. राजगड-तोरण्यासारख्या दिवसभराच्या चालीत, जिथे मधली धार बरीच समांतर आहे, चढामुळे येणारा फरक दोन-तीनशे मीटरांपलीकडे जाणार नाही. चार किलोमीटरांचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

उंचीचे आकडे मात्र वेगळंच प्रकरण आहे आणि एकूण चढाची बेरीज अंतरापेक्षा कितीतरी जास्त चुकते. त्याची दोन कारणं आपल्या भागात विशेष आहेत. एक म्हणजे हवेचा दाब उष्ण कटिबंधात रोज ठरल्या वेळी चढ-उतार करतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. हा फरक तीनेक मिलिबारांचा असतो, आणि एका मिलिबारामागे आठ-नऊ मीटर या हिशेबाने दाबावर चालणारं यंत्र तुम्ही जागेवर बसलेले असतानाही पंचवीसेक मीटर चढवून ठेवतं. दुसरं, काही ॲप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारावरून उंची देतात. महाराष्ट्रात या दोन पातळ्यांमध्ये साठ-सत्तर मीटरांचा फरक आहे, म्हणून कोकणच्या वाळूत उभं राहून कोणाला उणे साठ उंची दिसली तर ॲप बिघडलेलं नसतं.

आकडा तपासायचा तर खरं अंतर हाताशी हवं, आणि ते शहरात सहज मिळतं. ४०० मीटरचा धावपट्टा गाठा. सर्वांत आतल्या लेनमध्ये, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून दहा फेऱ्या चाला. बरोबर चार किलोमीटर. दुसऱ्या लेनमध्ये गेलात तर फेरी साधारण सात मीटरांनी वाढते, म्हणून लेन सोडू नका. हे तीन वेळा करा: एकदा दर सेकंदाच्या नोंदीने, एकदा दर १० सेकंदांच्या, एकदा यंत्राच्या ‘ऑटो’वर. माझ्याकडच्या यंत्रांवर पहिला आकडा नेहमी जास्त आला आहे, दुसरा एक-दोन टक्क्यांत बसला आहे, आणि ‘ऑटो’चं वागणं यंत्रागणिक वेगळं दिसलं आहे. तुमच्या यंत्राचा स्वभाव कळायला तेवढी सकाळ पुरे. ही सर्वांत अनुकूल परिस्थिती आहे हे मात्र ध्यानात ठेवा, रानात याहून वाईटच निघेल.

धावणाऱ्या मित्रांची तक्रार याच जातीची आहे. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची, घड्याळ मात्र ४२.६ किंवा ४२.८ दाखवतं आणि आयोजकांवर संशय घेतला जातो. अधिकृत मार्ग जीपीएसने मोजतच नाहीत. आधी पोलादी टेपवर तपासून घेतलेल्या सायकलीच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा गणक लावतात आणि वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरची सगळ्यांत आखूड रेषा पकडून मोजतात. वर, मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर वाढवतात. गर्दीत ती आखूड रेषा कोणालाच धावायला मिळत नाही. त्यात थरथरीची वाढ मिळवा, आकडा जुळतो.

यंत्राशिवाय पडताळा घ्यायचा तर पावलं मोजा. हसू नका, या पद्धतीवर हिमालयापलीकडचा नकाशा उभा आहे. पंडित नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंतची वाट पावलांनी मोजली. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना एक मणी सरकत असे. मैलाला दोन हजार पावलं पडतील अशी चाल त्यांनी सरावाने बसवली होती. आपल्याला इतकं काटेकोर होण्याची गरज नाही. धावपट्ट्यावरच्या त्या सकाळीच शंभर मीटरांना आपली किती पावलं पडतात ते मोजून ठेवा, चढावर वेगळी मोजा. सांधणीसारख्या ठिकाणी यंत्र काहीही बोलू लागलं की हाच आकडा भरवशाचा असतो.

आता पुढच्या ट्रेकची मांडणी. नोंदीची पद्धत ‘डिस्टन्स’ असेल तर दहा मीटर ठेवा, ‘टाइम’ असेल तर पाच ते दहा सेकंद. मला पहिली जास्त आवडते, कारण बसल्या जागी ती ठिपके टाकत नाही, थरथर दहा मीटरांच्या पुढे गेली तरच टाकते. नागमोडी चढावर पाच मीटर करायला हरकत नाही. घरी आल्यावर ट्रॅक संगणकावर उघडून जेवणाची जाळी आणि उडालेले ठिपके पुसा, मगच लांबी वाचा. तुमच्या फोनचा सेकंदा-सेकंदाचा ट्रॅकही वाया गेलेला नाही. त्यातले दर आठ-दहा ठिपक्यांमागे एक ठेवून बाकीचे काढले, जाळं पुसलं, की तो २० च्या आसपास येऊन बसेल असं मला वाटतं. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. एवढं करूनही उरलेली दोन-तीन टक्क्यांची अनिश्चितता मान्य करा आणि दुसऱ्यांना सांगताना ‘साधारण २० किलोमीटर’ म्हणा. ‘१९.८४’ म्हणण्याचा अधिकार हातातलं यंत्र देत नाही. वीस किलोमीटरांवर तीन टक्के म्हणजे सहाशे मीटर, पंधरा मिनिटांची चाल. त्या मानाने चढाचं ओझं पाहा: १८९२ साली स्कॉटलंडच्या नेस्मिथ यांनी घालून दिलेला आडाखा दर सहाशे मीटर चढाला पूर्ण एक तास जास्त धरतो, आणि मे महिन्यातल्या सह्याद्रीत तोही कमी पडतो.

राहिला शेताचा प्रश्न. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. जुन्या मोजणीतल्या ३३ फुटी साखळीचा तो चौरस. त्याची बाजू दहा मीटर. चारही कोपऱ्यांवर तीन-तीन मीटर चुकू शकणाऱ्या यंत्राने एक गुंठा मोजणं निरर्थक आहे हे उघडच आहे. तुमचे वीस गुंठे चौकोनी धरले तर बाजू ४५ मीटरांची. कोपरे तीन मीटरांनी इकडे-तिकडे झाले की क्षेत्रफळ दीड-दोन गुंठ्यांनी बदलतं. पाच एकरांवर तीच चूक सहा गुंठ्यांची होते, पण दोनशे गुंठ्यांतले सहा म्हणजे तीनच टक्के. म्हणून बियाणं किती लागेल, ठिबकची नळी किती आणायची, फवारणीचं पाणी किती, यासाठी मोठ्या शेताची फेरी यंत्र घेऊन जरूर मारा. प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं थांबून यंत्राची सरासरी वेधाची सोय वापरा, शक्य असेल तर तासा-दोन तासांनी पुन्हा एकदा. उपग्रह तोवर जागा बदलतात आणि सरासरीला अर्थ येतो.

बांधाच्या वादात मात्र हा ट्रॅक कोणाला दाखवूही नका. मीटरभराच्या बांधावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, आणि तुमचं यंत्र मीटरभराबद्दल काहीही सांगू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. तिथले भूकरमापक आता रोव्हर घेऊन येतात. तोही उपग्रहच ऐकतो, पण जागा पक्की माहीत असलेल्या स्थिर केंद्राकडून क्षणोक्षणी चुकीची दुरुस्ती घेतो, आणि म्हणून मीटरांऐवजी काही सेंटिमीटरांत बोलतो. ते येतील तेव्हा तुमचं यंत्रही त्यांच्या खुणांवर ठेवून पाहा. कोणत्या कोपऱ्यावर किती चुकलं ते वहीत लिहून मला कळवा, झाडाखालचा कोपरा वेगळा लिहा.